अधिरसम, अरिसेलू, कज्जाय, सुखियम: दक्षिणेकडचं गोड तळण घरी कसं करता?

कावेरीकाठ · ३ ऑक्टोबर, सकाळी ११.१०

अधिरसम, म्हणजे तांदूळ-गुळाचा अनारशासारखा तळलेला गोड पदार्थ, बिघडला की सगळे पाकाला बोल लावतात. कुंभकोणमला राहायला आल्यापासून शेजारच्या मामींच्या हाताखाली मी हा पदार्थ शिकले, आणि आता ठामपणे सांगेन की पाकाच्या आधी पीठ बघा. पीठ ओलसर नसेल तर पाक कितीही नेमका साधला तरी अधिरसम कडक होतो. पुडीतलं तांदळाचं पीठ याला चालत नाही. भाकरीला चालतं, मोदकाच्या उकडीला चालतं, इथे नाही.

आपल्याकडे घरोघरी अनारसे होतात, त्यामुळे हे पदार्थ मराठी स्वयंपाकघराला परके नाहीत असं मला नेहमी वाटतं. तमिळनाडूत अधिरसम, कर्नाटकात कज्जाय, आंध्र-तेलंगणात अरिसेलू, ओडिशात अरिसा पिठा. सगळीकडे मुख्य सामान तेच: तांदूळ, गूळ आणि तळणीला तेल किंवा तूप. तिरुमलाच्या देवळातल्या विजयनगरच्या काळातल्या शिलालेखांमध्ये नैवेद्याच्या पदार्थांत अप्पम, सुखियम (पुरणाचे तळलेले गोळे) यांच्या बरोबरीने अधिरसमही येतो. इतका जुना पदार्थ आज बरेच जण पाकाच्या भीतीने दुकानातून आणतात, याचं मला वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

मी करते ते असं. अर्धा किलो कच्चा तांदूळ, उकडा अजिबात नको. दोन-तीन पाण्यांनी धुऊन दोन तास भिजवायचा, चाळणीत पूर्ण निथळायचा आणि सावलीत सुती कापडावर पसरायचा. पंधरा-वीस मिनिटांनी मूठभर उचलून बघा. दाणे हाताला थोडे चिकटले पाहिजेत, पण तळवा ओला व्हायला नको. एवढ्यावरच दळायला घ्यायचं. मिक्सरमध्ये थोडं थोडं दळून बारीक चाळणीने चाळायचं, वर राहिलेली कणी पुन्हा फिरवायची. तयार पीठ मुठीत दाबलं की मुटका झाला पाहिजे. ते झाकून ठेवा, वाऱ्यावर सुकू देऊ नका.

गूळ साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. इथे ‘पागु वेल्लम’ म्हणून पाकाचा गडद गूळ वेगळा मिळतो. गूळ बुडेल न बुडेल इतक्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या, त्यात वाळू असतेच. मग मध्यम आचेवर पाक. वाटीभर पाण्यात थेंब टाकला की तो बोटांनी गोळा करता आला पाहिजे आणि दाबला की चपटा झाला पाहिजे. ताटलीवर टाकल्यावर टण्ण आवाज आला तर पाक पुढे गेला. गॅस बंद करून वेलची, सुंठ, थोडे तीळ घाला आणि पीठ मुठीमुठीने टाकत ढवळत राहा. सगळं पीठ लागेलच असं नाही. पळीवरून जड, सलग पडेल इतपत सैल असतानाच थांबा, कारण गार होताना ते बरंच घट्ट होतं. वरून चमचाभर तूप पसरून झाका आणि निदान एक रात्र, शक्यतो दोन दिवस राहू द्या.

तळताना लिंबाएवढा गोळा तूप लावलेल्या केळीच्या पानावर थापायचा, पाऊण सेंटीमीटर जाड. तेल मध्यमाहून थोडं कमी गरम. फुगून वर आला की एकदा उलटायचा, तांबूस झाला की काढायचा आणि दोन सपाट झाऱ्यांमध्ये दाबून तेल काढायचं. दाबणं टाळू नका. न दाबलेला अधिरसम दुसऱ्या दिवशी तेलकट लागतो.

तुमच्याकडे काय करतात, कुठे अडतं, ते लिहा. फक्त अधिरसमच नाही, दक्षिणेकडचं कुठलंही गोड तळण चालेल.

अनारसाजाळी · ३ ऑक्टोबर, दुपारी १.४५

फार सुंदर लिहिलंय. आमच्याकडे अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं. मग सावलीत सुकवून दळायचा आणि पिठाच्या वजनाइतका किंवा थोडा कमी किसलेला गूळ कच्चाच मिसळायचा. पाक नाहीच. चमचाभर तूप घालून गोळे डब्यात भरले की चार-सहा दिवसांनी पीठ तयार. खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तळायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वर तेल उडवत राहायचं. जाळी पडली तर अनारसा.

माझा प्रश्न: अनारशाचं पीठ फ्रिजमध्ये तयार आहे. त्याचाच अधिरसम होईल का? जाडसर थापून दोन्ही बाजूंनी तळला तर?

कावेरीकाठ · ३ ऑक्टोबर, दुपारी २.३०

होणार नाही ताई. उलटायला गेलात की मोडेल. अनारशाच्या पिठातला गूळ तेलात गेल्यावर वितळतो, त्या वितळण्यातून जाळी येते. अधिरसमचं पीठ गरम पाकात आधीच अर्धवट शिजलेलं असतं, म्हणून तो एकसंध फुगतो आणि आतून मऊ, जरा चिवट राहतो. त्याला जाळी नसते आणि ती यावी अशी अपेक्षाही नसते. तुमच्या पिठाचे अनारसेच करा.

रसायन · ३ ऑक्टोबर, रात्री ९.०५

कावेरीकाठ यांनी नेमकं सांगितलंय. थोडी भर घालतो, मी अन्नप्रक्रिया शिकवतो.

तांदळात गव्हासारखं ग्लुटेन नसतं. अशा पिठाला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे फुगलेलं स्टार्च. तांदळाचं स्टार्च साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सियसच्या पुढे पाणी पिऊन फुगतं, पण त्यासाठी पाणी जवळ असावं लागतं. कोरड्या पिठात ते नसतं, आणि पाकातलं पाणी गुळाने धरून ठेवलेलं असतं, तो ते सहज सोडत नाही. म्हणून ओल्या पिठाचा आग्रह अगदी योग्य आहे. दाण्याच्या आत शिरलेलं पाणी स्टार्चच्या शेजारीच असतं आणि पाकाची उष्णता मिळाली की लगेच कामाला येतं.

मऊ गोळी बनणारा पाक ११२ ते ११६ अंशांवर असतो. घरात थर्मामीटर असेल तर ११३-११४ला गॅस बंद करा, भांड्याच्या उष्णतेने तो पुढे जातोच. पाक कच्चा राहिला तर पिठात पाणी जास्त आणि बांधणी सैल, मग गोळा तेलात पसरतो. पाक पुढे गेला तर गार झाल्यावर साखर कडक होते आणि थापताना कडा चिरतात.

एक-दोन दिवस मुरवण्याचंही कारण आहे. पिठाचा प्रत्येक कण सारखा ओला व्हायला वेळ लागतो. ताज्या पिठाचा अधिरसम तळला तर कडेला कडक आणि मध्ये पिठूळ लागतो, तो यामुळेच.

तेलाबद्दल विचाराल तर १५० ते १६० अंश. याहून गरम तेलात गूळ बाहेरून करपतो आणि आत कच्चं राहतं.

पहिलटकर · ४ ऑक्टोबर, पहाटे ३.२०

मी लंडनमध्ये असते, म्हणून ही वेळ. तीन प्रश्न आहेत.
इथे ‘कच्चा तांदूळ’ म्हणून काय घ्यायचं? बासमती सोडून भारतीय दुकानात सोना मसूरी आणि इडली राईस मिळतो.
इथल्या थंडीत तांदूळ पंधरा मिनिटांत सुकतच नाही. ओव्हनमध्ये ठेवला तर?
आणि गूळ कोणता? इथे पिवळा पुडीतला मिळतो, काळपट ढेपही मिळते.

कावेरीकाठ · ४ ऑक्टोबर, सकाळी ८.००

सोना मसूरी घ्या. इडली राईस उकडा असतो, त्याचं पीठ पाकात बसत नाही. बासमतीही नको, सुवास वेगळाच येतो.

ओव्हन नको, हीटरच्या जवळही नको. बाहेरून दाणा कोरडा पडतो आणि आत ओला राहतो, मग पीठ विषम होतं. निथळल्यावर जाड टॉवेलमध्ये गुंडाळून हलकेच दाबा आणि दुसऱ्या कोरड्या कापडावर पसरा. घड्याळ विसरा, हाताची परीक्षा घ्या.

गूळ काळपट ढेपेचा घ्या. फिकट पिवळ्या गुळाचा पाक होतो, पण रंग आणि चव दोन्ही उणी.

गोदातीर · ४ ऑक्टोबर, सकाळी १०.५०

माझं माहेर निजामाबाद, सासर नांदेड. आमच्याकडे संक्रांतीला अरिसेलू असतातच. आंध्रात आणि तेलंगणात हा संक्रांतीचा पदार्थ, दिवाळीचा नाही. नवा तांदूळ, नवा गूळ घरात आलेला असतो, थंडी असते, पदार्थ टिकतो.

आमची आई तांदूळ आदल्या दिवशी सकाळी भिजवून दुसऱ्या दिवशी काढायची, मध्ये एक-दोनदा पाणी बदलायची. अरिसेलूला पाकाच्या दोन तऱ्हा सांगतात. लेत पाकम म्हणजे कोवळा पाक, त्याने मऊ अरिसेलू. मुदुरु पाकम म्हणजे जून पाक, त्याने जरा कडक पण जास्त दिवस टिकणारे. लेकीबरोबर सासरी पाठवायचे असतील तर जून पाकाचे करतात. तीळ पिठात घालत नाहीत, थापताना वरून लावतात, किंवा खसखस. तळल्यावर तेल काढायला लाकडाच्या दोन फळ्यांचं अरिसेल चेक्का असतं. माझ्याकडे आईचं आहे आणि मी अजून तेच वापरते.

हे काम एकटीचं नाही. पाकात पीठ ढवळायला दणकट हात लागतो, एकीने थापायचं, एकीने तळायचं, एकीने दाबायचं. पूर्वी उखळात पीठ कुटायलाच दोघी-तिघी लागत. म्हणून गल्लीतल्या बायका आज एकीकडे, उद्या दुसरीकडे जमून सगळ्यांचे अरिसेलू करत.

आणखी एक प्रथा मला फार आवडते. बाळ पहिली पावलं टाकायला लागलं की अरिसेलू करतात. ते मांडून बाळाला त्यावरून चालवतात आणि मग वाटतात. माझ्या मुलाचं नांदेडला केलं तेव्हा सासूबाईंनी हौसेने त्याच दिवशी बोरन्हाणही घातलं, कारण संक्रांतीचेच दिवस होते.

अनारसाजाळी · ४ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

किती गोड प्रथा! आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, तेवढंच मला माहीत होतं. तांदूळ-गुळाच्या एका पदार्थाला किती घरांत मान आहे.

तुंगातीर · ४ ऑक्टोबर, दुपारी ४.१५

शिमोग्याहून लिहितो. दोन तास भिजवणं मला पटत नाही. आमच्या घरी कज्जायाला तांदूळ दोन ते तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलून. दोन तासांच्या तांदळाचं पीठ रवाळ राहतं, तळल्यावर दाताखाली येतं. जास्त भिजला की दाणा चिमटीत चुरडतो, पीठ रेशमासारखं होतं आणि किंचित आंबूसपणा येतो, तो गुळाबरोबर छान लागतो. दिवाळीत केदारगौरी व्रताला कज्जायाचा नैवेद्य असतो, तेव्हा घरातली मोठी माणसं भिजवण्यापासून हिशोब धरून बसतात. घाईचं काम नाही ते.

कावेरीकाठ · ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.४०

मान्य, पण तमिळ घरांत दोन-तीन तासच भिजवतात आणि त्यांचा अधिरसम रवाळ नसतो. ते चाळणी फार बारीक घेतात, आणि पूर्वीपासून पीठ गिरणीत ओलं दळून आणायची सवय आहे. दिवाळीआधी इथे ‘ओलं पीठ दळून मिळेल’ अशा पाट्या लागतात. घरच्या मिक्सरवर अवलंबून असाल तर तुमचा जास्त भिजवण्याचा मार्ग सोपा, हे मी मानते. आंबूसपणा मात्र मला अधिरसमात नको वाटतो.

रसायन · ४ ऑक्टोबर, रात्री ८.२०

दोन्ही बरोबर आहे, फक्त परिणाम वेगळे. जास्त भिजवल्याने दाणा ठिसूळ होतो आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात, आंबूसपणा त्यांचा. पाणी रोज बदललं नाही तर नको तेही वाढतात आणि वास धरतो. उन्हाळी हवेत दोन-तीन दिवस भिजवायचं असेल तर पाणी दिवसातून दोनदा बदला.

मांडवी · ५ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

गोव्याहून. आमच्याकडे सुकरुंडे होतात, तेच तुमचं सुखियम. हरभऱ्याची डाळ शिजवून, गूळ, ओलं खोबरं, वेलची घालून पुरणासारखं आटवायचं, सुपारीएवढे गोळे करायचे, मैद्याच्या घट्टसर पिठात बुडवून तळायचे. खोबऱ्याशिवाय सुकरुंडा मला मान्यच नाही.

कधी कधी तेलात फुटतात आणि सारण बाहेर येऊन तेल काळं होतं. यावर कुणाचा ठोस उपाय?

गोदातीर · ५ ऑक्टोबर, सकाळी ९.५५

आमची पूर्णालू म्हणजे त्याच घरातली. आवरण मैद्याचं नसतं. उडीद डाळ एक वाटी, तांदूळ दोन वाट्या, चार-पाच तास भिजवून घट्ट वाटायचं, चिमूट मीठ. हे आवरण बाहेरून कुरकुरीत होतं आणि गोळ्याला सोडत नाही. पिठाची जाडी अशी हवी की गोळा बुडवून काढल्यावर सारण दिसता कामा नये.

फुटण्याचं मूळ बहुतेक सारणात असतं. डाळ बोटांनी दाबली की मोडेल इतकीच शिजवा, कुकरच्या जास्त शिट्ट्या नकोत. कट पूर्ण निथळू द्या, चाळणीत अर्धा तास तरी. गूळ घातल्यावर सारण सैल होतं, ते कढईच्या कडा सोडून गोळा होईपर्यंत आटवा. उलथनं मध्ये उभं राहिलं पाहिजे, पुरणाला बघतो तसंच. आणि गोळे पूर्ण गार झाल्यावरच बुडवा. गरम गोळ्यातली वाफ आवरण फोडते.

निथळलेल्या कटाचं आम्ही चारू करतो. कर्नाटकात होळगेच्या कटाचं सारू करतात, आपल्याकडे कटाची आमटी. गोडाबरोबर तिखट आलंच पाहिजे.

मांडवी · ५ ऑक्टोबर, सकाळी १०.२०

उडीद-तांदळाचं आवरण करून बघते. कट निथळायला मी एवढा वेळ देत नाही, तिथेच अडत असणार. धन्यवाद गोदातीर.

पंपातीर · ५ ऑक्टोबर, दुपारी १२.००

केरळात नोकरीनिमित्त राहतो, दोन गोष्टींची भर. इथे सुखियन हिरव्या मुगाचं असतं, आख्खे मूग मऊ शिजवून. चहाच्या टपरीवर काचेच्या कपाटात पळमपोरीच्या (पिकल्या केळ्याच्या भजीच्या) शेजारी हमखास दिसतं.

दुसरं उण्णियप्पम. कोट्टारक्कराच्या गणपतीच्या देवळात उण्णियप्पम हा मुख्य प्रसाद, आणि शबरीमलाचा अप्पम-अरवणा (अरवणा म्हणजे तांदूळ-गुळाचं घट्ट पायसम) तर सगळ्यांना माहीत आहे. घरी करायला अगदी सोपा, आणि ज्यांना पाकाची धास्ती आहे त्यांनी इथून सुरुवात करावी. एक वाटी कच्चा तांदूळ चार तास भिजवून, कमीत कमी पाण्यात किंचित रवाळ वाटायचा. पाऊण वाटी गूळ विरघळवून गाळून कोमट घालायचा. खूप पिकलेली दोन छोटी केळी कुस्करून. इथे पाळयंकोडन वापरतात, तुम्ही वेलची केळी घ्या. ओल्या नारळाचे बारीक तुकडे तुपात लालसर तळून, काळे तीळ, वेलची, सुंठ. पाच-सहा तास झाकून ठेवायचं.

आप्पेपात्र चालतं, पण लोखंडी किंवा बिडाचं घ्या. प्रत्येक खळग्यात अर्ध्यापर्यंत तेल किंवा तूप हवं, नुसता थेंब टाकून होत नाही. केरळात खोबरेल किंवा तूप वापरतात. खळगा पाऊण भरेल इतकंच पीठ घाला, कडा तांबूस झाल्या की काडीने उलटा. सोडा काही जण घालतात. केळं चांगलं पिकलेलं असेल आणि पीठ मुरलेलं असेल तर त्याची गरज पडत नाही.

पहिलटकर · ५ ऑक्टोबर, दुपारी ३.३५

हे मी या शनिवारी करणार. आप्पेपात्र आहे, पण नॉनस्टिक. चालेल का?

पंपातीर · ५ ऑक्टोबर, दुपारी ४.०५

चालेल, मात्र रिकामं पात्र तापवू नका, तेल घालूनच गॅस लावा. बिडाच्या पात्रासारखा गडद, खमंग पापुद्रा येणार नाही. आत मऊपणा येईल.

मांडवी · ५ ऑक्टोबर, रात्री ८.५०

नाताळाचंही बोलू या. आमच्या शेजारी ख्रिस्ती घरात रोझ द कोक होतात, फुलांच्या साच्याने तळलेले. मंगळूरला कुस्वारात, म्हणजे नाताळच्या फराळात, असतात, केरळात अच्चप्पम, तमिळनाडूत अच्चु मुरुक्कु, आंध्रात गुलाबी पुव्वुलू. शेजारच्या आंटींकडून शिकलेली पद्धत देते.

दोन वाट्या तांदळाचं पीठ (हो, इथे पुडीचं चालतं, चाळून घ्या), अर्धी वाटी पिठीसाखर, एक अंडं, चिमूट मीठ, काळे तीळ आणि लागेल तसं घट्ट नारळाचं दूध. पीठ डोशाच्या पिठापेक्षा थोडं पातळ. साखर वाढवली तर फूल लवकर लाल होतं आणि नरम पडतं, तेव्हा हात आवरा.

साचा नवा असेल तर त्याला पीठ चिकटून बसतं. रात्रभर तांदळाच्या पेजेत बुडवून ठेवायचा, धुऊन पुसून तेल लावायचं आणि तळणीच्या तेलात बराच वेळ तापवायचा. दर वेळी साचा तेलात गरम करून, जादा तेल झटकून, पिठात पाऊण उंचीपर्यंतच बुडवायचा. वरच्या कडेवर पीठ गेलं की फूल सुटत नाही. तेलात धरल्यावर काही क्षणांनी हलवलं की आपोआप सुटतं. पहिली एक-दोन फुलं साच्याला बळी द्यावी लागतात, तिसऱ्यापासून सरळ येतात.

अनारसाजाळी · ५ ऑक्टोबर, रात्री ९.३०

अंडं न घालता?

मांडवी · ५ ऑक्टोबर, रात्री ९.४०

होतात. पिठात चौथा हिस्सा मैदा घाला आणि नारळाचं दूध जास्त घट्ट घ्या. थोडे कमी खुसखुशीत होतात.

घाटमाथा · ६ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

धागा वाचून अधिरसमचं पीठ भिजवलं. एक रात्र झाली, आता गोळा थापला की कडेला चिरतोय. दुसऱ्या भांड्यात मैत्रिणीने केलेलं उलट सैल आहे, तेलात पसरतं. आमच्याकडे अनारसा हसला म्हणतात तसंच. दोन्ही वाचवता येतील का?

कावेरीकाठ · ६ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

दोन्ही वाचतील, टाकू नका.

चिरणारं पीठ: चमचा-दोन चमचे गरम दूध शिंपडून तुपाच्या हाताने चांगलं मळा आणि तासभर झाका. तरी चिरलं तर दोन चमचे गुळाचा कोवळा पाक करून मिसळा. पाणी घालू नका.

सैल पीठ: ताजं ओलं तांदळाचं पीठ मुठीमुठीने मिसळा. ओलं नसेल तर इथे, फक्त दुरुस्तीपुरतं, पुडीचं दोन-तीन चमचे चालेल. मग दोन तास ठेवा. प्रत्येक दुरुस्तीनंतर आवळ्याएवढा तुकडा तळून बघा, पूर्ण घाणा घालू नका.

आणि दोघी मिळून एकच करा. घट्ट आणि सैल पीठ एकत्र मळलं तर बऱ्याचदा तिथेच काम होतं.

घाटमाथा · ६ ऑक्टोबर, सकाळी ११.२५

एकत्र मळलं, वर मूठभर ओलं पीठ घातलं. चाचणीचा तुकडा टम्म फुगला! आता सगळे तळतो आहोत. मनापासून आभार.

तुंगातीर · ६ ऑक्टोबर, दुपारी १.००

वा! दाबायला विसरू नका.

राळेमळा · ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.३०

घरी मधुमेह आहे म्हणून विचारते, राळ्याचा किंवा नाचणीचा होतो का? आणि ताडगुळाचा?

कावेरीकाठ · ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.१०

राळ्याचा होतो, तमिळमध्ये तिनै अधिरसम म्हणतात. तांदळासारखंच भिजवून ओलं दळायचं. पहिल्यांदा करताना निम्मा तांदूळ, निम्मं राळं घ्या, बांधणी सोपी जाते. ताडगुळाची, म्हणजे करुपट्टीची, चव अप्रतिम. दक्षिण तमिळनाडूत, उडनगुडीकडची करुपट्टी प्रसिद्ध आहे. तिचा पाक लवकर पुढे जातो, डोळ्यात तेल घालून बघा.

पण स्पष्ट सांगते, राळं असो की करुपट्टी, हा गोड तळलेला पदार्थच आहे. मधुमेहाला चालतो असं मी म्हणणार नाही. घरातल्यांना अर्धा द्या आणि आनंदाने द्या.

पहिलटकर · ६ ऑक्टोबर, रात्री ११.४५

शेवटचा प्रश्न. दिवाळीला अधिरसम ताजे लागायला हवेत, तर कधी सुरुवात करू? आणि किती दिवस राहतात?

कावेरीकाठ · ७ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

इथे तमिळ घरांत दिवाळी नरकचतुर्दशीच्या पहाटे असते, त्या दिवशी डबा उघडायचा असं धरा. तीन दिवस आधी तांदूळ भिजवून पीठ पाकात घाला. तुमच्या थंडीत ते बाहेरच ठेवा, फ्रिजमध्ये नको, गोळा दगडासारखा होतो. आदल्या दुपारी तळा. तळल्या तळल्या खाऊ नका, तेव्हा कडा कडक असतात. रात्रभरात गुळाचा ओलावा सगळीकडे पसरतो आणि मऊ होतात. पूर्ण गार होईपर्यंत एकावर एक रचू नका, मग स्टीलच्या डब्यात कागद घालून ठेवा. कोरड्या हाताने काढलेत तर आठ-दहा दिवस चांगले राहतात. त्यानंतर खाण्याआधी मंद तव्यावर झाकून दोन मिनिटं गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये चिवट होतात.